मार खाणारा गडी आधी तयार करा

गॅदरिंगमधली किंवा गणपतीच्या नाटकातली मारामारी फसते ती बहुतेक वेळा मार खाणाऱ्यामुळे. बड स्पेन्सर आणि टेरेन्स हिल यांच्या इटालियन सिनेमांत चापट त्यांची असते, पण ती खरी वाटते समोरच्या गड्यामुळे. रिकार्डो पिझ्झुती, साल बोर्जेसे ही मंडळी स्टंटमन आणि चरित्र अभिनेते, दोन्ही. पडायचं कसं आणि पडताना चेहऱ्यावर काय दिसायचं, हे एकच काम आहे. म्हणून तालीम पडणाऱ्यापासून सुरू करा.

चापटेला मारणाऱ्याची बोटं गालापासून वीतभर लांब राहिली पाहिजेत. पडणाऱ्याची पाठ प्रेक्षकांकडे तिरकी ठेवा, म्हणजे मधली फट झाकते. आधी नजरानजर, मग हात उचलणं, मग वार. हात तोंडासमोरून जाताना पडणाऱ्याने छातीजवळ टाळी वाजवायची आणि त्याच क्षणी मान फिरवायची. टाळी उशिरा वाजली की लोक हसतात.

पडताना गुडघे वाकवून आधी खाली या. पोटरी, मांडी, कुल्ला, मग पाठ, या क्रमाने एका कुशीवर टेका. हनुवटी छातीला, श्वास बाहेर. हात मागे टेकवायची सवय पहिल्याच दिवशी मोडा. सगळा भार मनगटावर येतो आणि हाड मोडतं. आठवडाभर कुस्तीच्या तालमीतल्या भुसभुशीत मातीत, पाव वेगाने सराव करा. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात मुळीच नको, ढेकूळ दगडासारखं लागतं.

खेड्यात ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज करतात. पत्र्यावर नुसती सतरंजी सरकते, ती कडेने घट्ट बांधा आणि जोडाच्या फटीपासून पडायची जागा दूर ठेवा.

ट्रॉलीवरून खाली पडायचं असेल तर किराणा दुकानातले पुठ्ठ्याचे रिकामे खोके आणा. चिकटपट्टी लावू नका, झाकणं नुसती दुमडा. हवा निघायला वाट मिळाली तरच खोका दबतो आणि धक्का गिळतो. दोन थर रचून भोवती दोरी आवळा, वर कापसाची गादी. कडबा टाकू नका, कापलेली धाटं टोचतात. काठावर बसून पाठीवर पडा. उभ्याने उडी मारली की पाय खोक्यात शिरतो, घोटा मुरगळतो. ट्रॉलीपेक्षा उंचावरून हौशी गड्याने पडूच नये. दबलेले खोके दर वेळी बदला.

चष्मा, घड्याळ, हातातलं कडं विंगेतच काढून ठेवायचं.