जांभळाच्या बियांत फिनॉल किती, ते नीट कसं मोजायचं

बडोद्यात जूनमध्ये जांभळाच्या लाऱ्या लागल्या की प्रोजेक्टवाली पोरं बिया गोळा करायला लागतात, डायबेटीसवर जांभूळ हे सगळ्यांना पाठच असतं. पण बियांतलं फिनॉल (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट संयुगं) मोजताना खरा घोळ ओलाव्याने होतो, म्हणून आधी तेच सांगते.

बिया धुवून गर काढा आणि वाळवा, पावसाळी हवेत नुसत्या सावलीत बुरशी धरते तेव्हा ओव्हन 40 डिग्रीला लावा, मग मिक्सरमधून काढून चाळा. थोडी पावडर वेगळी घेऊन 105 डिग्रीला ठेवा, वजन कमी व्हायचं थांबलं की जेवढं घटलं तेवढा ओलावा, ती पावडर टेस्टला वापरायची नाही. आणि झाडाची फांदी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या बॉटनीवाल्यांना दाखवून ओळख पक्की करून घ्या, बाजारातल्या तयार पावडरीत काय असेल सांगता येत नाही.

आता 1 ग्रॅम पावडर, 50 मिली 70 टक्के मेथनॉल, रात्रभर अंधारात शेकरवर. सकाळी गाळून व्हॉल्यूम परत 50 करा. मेथनॉल विषारी आहे, फ्यूम हूडमध्येच काम करा प्लीज. अर्क 10 पट पातळ करून त्यातला 0.5 मिली घ्या, त्यात 10 पट पातळ केलेलं फोलिन रिएजंट (फिनॉलशी निळा रंग देणारं द्रावण) 2.5 मिली, 5 मिनिटांनी 7.5 टक्के सोडियम कार्बोनेट 2 मिली, अर्धा तास अंधारात, निळा रंग आला की स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) 765 नॅनोमीटरला रीडिंग. अर्काऐवजी नुसतं सॉल्व्हंट घेऊन ब्लँक लावा, आणि 20 ते 100 मायक्रोग्रॅम प्रति मिली गॅलिक ॲसिडचे (तुलनेसाठी घेतात ते फिनॉल) स्टँडर्ड त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या रिएजंटने, प्रत्येकाच्या तीन तीन ट्यूब. या स्टँडर्डच्या रीडिंगचा आलेख म्हणजे तुमची कर्व्ह, सीनियरची जुनी कर्व्ह अजिबात वापरू नका. रीडिंग कर्व्हच्या वर गेलं तर अर्क अजून पातळ करा, रेघ पुढे ओढू नका.

समजा कर्व्हवरून 60 मायक्रोग्रॅम प्रति मिली आलं, म्हणजे 0.06 गुणिले 50 गुणिले 10, झाले 30 मिलिग्रॅम. ओलावा 8 टक्के असेल तर कोरडी पावडर 0.92 ग्रॅमच, म्हणून उत्तर 32.6 मिलिग्रॅम गॅलिक ॲसिड इक्विव्हॅलंट प्रति ग्रॅम.

फोलिन नुसत्या फिनॉलशी नाही, व्हिटॅमिन सी आणि काही साखरांशीही रंग देतं, त्यामुळे आकडा मोठा आला म्हणजे शुगर उतरते असं रिपोर्टात लिहू नका. तो दावा करायचा तर निदान अल्फा-ग्लुकोसिडेज (पिष्ट, साखर पचवणारं एन्झाइम) अर्काने किती अडतं ती टेस्ट करा, सोबत तुलनेला अकार्बोज (तेच एन्झाइम अडवणारं डायबेटीसचं औषध) ठेवून, आणि एकेक कंपाउंड मोजायचं तर एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लागतंच. शेजारच्या काकूंनी आकडा बघून गोळी बंद करू का विचारलं तर सरळ नाही सांगा, डॉक्टरांकडे पाठवा.