गावची गोष्ट, मुलांची पोथी: वर्गात चित्रकथीचा प्रकल्प कसा घ्यावा

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. रामायण-महाभारतातल्या आख्यानांच्या चित्रांची पोथी असते. सांगणारा एकेक चित्र समोर उभं धरतो आणि गात-बोलत कथा पुढे नेतो. या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

पाचवी ते सातवीच्या मुलांना हा प्रकार चांगला जमतो. मात्र पिंगुळीची चित्रं दाखवून तशीच काढून घेऊ नका. त्याने हात वळतो, डोकं चालत नाही. रीत त्यांची घ्या, गोष्ट आपल्या गावची.

आधी मुलांना घरोघरी विचारायला पाठवा: जुनी विहीर कोणी खणली, पुरात काय झालं, जत्रा कशी सुरू झाली? दोन आज्यांनी एकच हकिकत दोन तऱ्हांनी सांगितली तर उत्तमच. कोणती घ्यायची यावर गटात भांडू द्या.

मग गोष्टीचे आठ-दहा प्रसंग पाडा. इथे घाई करू नका. घागर विहिरीत सोडतानाचं चित्र काढायचं की ती रिकामी वर आल्यावरचं? हे मुलांनीच ठरवायचं. शिक्षकाने फक्त ‘का?’ विचारायचं. एकच आजी तीन मुलं काढणार असतील, तर तिच्या लुगड्याचा रंग आधी पक्का करा, नाहीतर बघणाऱ्याला ती तीन बायका वाटेल.

रंग घरचेच: गेरू, हळद, काजळी, डिंकाच्या पाण्यात कालवून. हळदीत खायच्या चुन्याचं बोट फिरवलं की रंग लालभडक होतो, आणि वर्ग ओरडतो! चुना मात्र शिक्षकानेच हाताळावा. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून पोथी खिडकीपासून लांब ठेवा. बाह्यरेषा काळ्या आणि ठसठशीत हव्यात, मागच्या रांगेतूनही दिसल्या पाहिजेत.

चित्रं सुकली की दोन-दोन पाठीला पाठ लावून खळीने चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

सादरीकरणात पाठांतर नको. एकाने चित्र धरावं, एकाने सांगावं, बाकीच्यांनी टाळ धरावेत. ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्या आजी-आजोबांना आवर्जून बोलवा. मध्येच कोणी ‘असं नव्हतं झालं’ म्हणालं, तर पुढचं चित्र समोर धरण्याआधी त्यांचंही ऐकून घ्या.