एएस/४०० : ट्विनॅक्सवरून टीसीपी/आयपीवर जाताना प्रिंटरला ८९२८ आला तर

आयबीएमच्या एएस/४०० संगणकाला टर्मिनल्स आणि प्रिंटर जोडणारी जुनी ट्विनॅक्स केबल काढली आणि सगळी टर्मिनल्स टीसीपी/आयपी नेटवर्कवरून ५२५० एम्युलेटरवर (पीसीवर एएस/४०० ची स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम) आणली. स्क्रीन लगेच सुरू झाल्या, कारण त्यांना यंत्रणा स्वतःच क्यूपीएडीईव्हीने सुरू होणारी नवी नावं देते. प्रिंटर सेशन मात्र ८९२८ हा कोड (डिव्हाइसमध्ये बदल करता आला नाही) दाखवून बंद पडत होतं. नेटवर्क तपासलं, एम्युलेटर पुन्हा बसवला, एम्युलेटर ज्या टेलनेटने जोडतो त्याचा पोर्ट २३ उघडा आहे हे पाहिलं. बिलं अडकलेली असताना हा कोड फार जीव खातो.

अडचण नावाची होती. पीआरटी०१ हे आमच्या प्रिंटरचं जुनं डिव्हाइस 'लोकल' (थेट केबलने जोडलेल्या) वर्गाचं, टेलनेटला मात्र त्याच नावाचं 'व्हर्च्युअल' (नेटवर्कवरून जोडलेलं) हवं.

आधी जुन्या डिव्हाइसची सेटिंग्ज लिहून घ्या. मग एंडडब्ल्यूटीआर कमांडने प्रिंट रायटर (प्रिंटरला छपाई पाठवणारा जॉब) थांबवा. डब्ल्यूआरकेसीएफजीएसटीएस कमांडमध्ये पर्याय २ देऊन डिव्हाइस व्हॅरी ऑफ (म्हणजे बंद) करा. हे राहिलं तर डिलीट होतच नाही. आता डब्ल्यूआरकेडीईव्हीडी कमांडमध्ये पर्याय ४ ने ते काढा. क्यूऑटोव्हीआरटी हे सिस्टीम सेटिंग शून्य नाही ना, तेही पाहा; शून्य असेल तर नवं डिव्हाइस आपोआप बनत नाही. शेवटी एम्युलेटरमध्ये तेच नाव देऊन प्रिंटर सेशन जोडा. ३८१२ प्रकारचं व्हर्च्युअल डिव्हाइस तयार होतं. रायटर सुरू नसेल तर एसटीआरपीआरटीडब्ल्यूटीआर कमांड द्या.

नाव तेच ठेवल्यामुळे प्रोग्रॅममध्ये काहीही बदलावं लागत नाही.