अकलूजची रेड वाईन आणि आपलं घरचं जेवण, जोडी कशी जमवायची

पुण्यात वाईन म्हटलं की सगळे नाशिकचंच नाव घेतात, पण सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेली नावाची वायनरी आहे, त्यांच्या रेड आपल्या जेवणाबरोबर फार छान जातात. इटालियनमध्ये फ्रातेली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की, अशा तीन घरच्या भावांनी मिळून ती सुरू केली.

आधी बाटली बघून घ्या. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली अजिबात घेऊ नका, गरमीने वाईन मरते. लेबलवर साल असतं, आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, आणि साध्या रेंजमधल्या रेड दोन-तीन वर्षांत प्यायलेल्याच बऱ्या.

मग ती गार करा, इथे सगळे चुकतात. रेड रूम टेंपरेचरला प्यायची हे थंड देशातलं झालं हो, एप्रिलमध्ये आपल्या घरात 32-33 डिग्री असतं आणि तेवढ्या गरम वाईनमध्ये नुसता अल्कोहोल नाकात जातो. हवं 16 ते 18, म्हणजे उन्हाळ्यात फ्रिजमध्ये तास-दीड तास, थंडीत अर्धा तास पुरे. ग्लास मात्र एक तृतीयांशच भरा, वास फिरायला जागा हवी.

आता जेवण. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, तेल-तूप-चरबी चालते, तिखट चालत नाही. रेडमध्ये टॅनिन असतं, जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आखडते तसा तो तुरटपणा, मटणाच्या चरबीने आणि प्रोटीनने तो मऊ होतो, पण मिरचीबरोबर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही आग वाढवतात. त्यामुळे तांबडा रस्सा आणि मिसळ यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांना ताकच बरं.

शिराझ द्राक्षाची रेड घ्या आणि भरली वांगी करा, हे मी अगदी मनापासून सांगते. शिराझला जो मिरीसारखा वास येतो तो काही कल्पनेतला नाही, काळ्या मिरीत जो रोटंडोन नावाचा घटक असतो तोच या द्राक्षाच्या सालीत असतो. गोड्या मसाल्यातलं दगडफूल, भाजलेलं खोबरं, तीळ, दाण्याचा कूट, वर सुटलेलं तेल, हे सगळं त्याला भेटतं. लाल तिखट निम्मं करा, चिंच अगदी थोडी, गूळ नेहमीपेक्षा कमी, कारण गोड पदार्थापुढे वाईन आंबट लागते. वांगी मंद आचेवर झाकण ठेवून देठापर्यंत मऊ होऊ द्या, एक घास भाकरीबरोबर खा आणि मगच घोट घ्या.

सांजोवेसे हे इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष, अंगचंच आंबट, म्हणून टोमॅटो असलेलं काहीही, टोमॅटोची कोशिंबीर, खिमा, अगदी घरचा पिझ्झासुद्धा. कॅबरने सोव्हिन्यों जास्त तुरट, तिला मटणच लागतं, सुकं, आलं-लसूण आणि मिरीवर परतलेलं, हाडाजवळची चरबी राहू द्या. फ्रातेलीचीच सेट्टे म्हणजे सांजोवेसे आणि कॅबरनेचं मिश्रण, महाग आहे, पाहुणे आले की पांढऱ्या रश्श्याबरोबर काढा, पण त्यातली हिरवी मिरची आवरा.

बांगडा, मांदेली नको. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात नाणं चोखल्यासारखी चव येते.

750 मिलीच्या बाटलीत पाच ग्लास निघतात, चौघांना एक पुरते, आणि गाडी चालवणाऱ्याला त्यातला एकही नाही. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन दिवसांत संपवा, त्यानंतर आंबट झाली तर रविवारचं मटण मुरवायला अर्धी वाटी घाला.