पाणी घालण्याआधी

माझी लेक नऊ वर्षांची आहे आणि तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. निदान माझ्या माहितीप्रमाणे तरी नाही. असं अर्धवट का बोलते, ते पुढे येईलच.

मी मरोळ गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या कॅथलिक घरातली. नवरा वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, बौद्ध घरातला. त्याच्या घरातून देव १९५६ सालीच बाहेर पडला. माझ्यातून तो बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला गेला. आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून लग्न केलं. पुढे लेक झाली, आणि प्रसूतिगृहातून घरी येऊन आठ दिवस होतात न होतात तोच मम्मीने विचारलं, "फादरना कधीची तारीख विचारू?"

तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जोडप्यांनी मला हाच पेच सांगितलाय. स्वतःचा विश्वास नाही, पण घरचे म्हणतात करून टाका, काय बिघडतं. दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवते. मी कॅथलिक पद्धतीबद्दलच नीट बोलू शकते. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चमध्ये तान्ह्याचा बाप्तिस्माही चालतो आणि मोठं झाल्यावर स्वतः कबुली देऊन घेतलेलाही, त्यामुळे तिथे थांबणं जरा सोपं. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळी तर तान्ह्याला पाणी घालतच नाहीत, नुसतं देवापुढे अर्पण करून प्रार्थना करतात.

आधी मजकूर वाचा

सगळे हॉल आणि केकपासून सुरुवात करतात. तुम्ही विधीच्या पुस्तकापासून करा. पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चच्या ऑफिसात मागितलंत तर मिळेल. घरी आणा, दोघं समोरासमोर बसा आणि मोठ्याने वाचा. एकाने फादर व्हायचं, दुसऱ्याने आईबाप.

फादर आधी विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत. मग, देवाच्या चर्चकडे काय मागता. उत्तर आहे, "बाप्तिस्मा." मग ते स्पष्ट सांगतात की हे मागताना बाळाला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्ही घेताय, आणि विचारतात, याची जाणीव आहे ना? पुढे पाण्याच्या कुंडापाशी सैतानाला नाकारायचं, त्याच्या कृत्यांना नाकारायचं, त्याच्या पोकळ वचनांना नाकारायचं. त्यानंतर श्रद्धेचे प्रश्न, पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे एकामागून एक. आणि हे सगळं झाल्यावरच शेवटचा प्रश्न, की आपण आत्ता कबूल केलेल्या श्रद्धेत या बाळाचा बाप्तिस्मा व्हावा अशी तुमची इच्छा आहे का. मग पाणी, तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती.

बाळाला यात एक शब्द नाही. सगळी उत्तरं आईबापाची आणि धर्ममाता-धर्मपित्याची. "मोठेपणी मूल त्याचं त्याचं बघेल" हे वाक्य म्हणूनच मला लंगडं वाटतं. त्या दिवशी तोंड उघडायचं असतं ते तुम्हाला.

आमच्याकडे नवरा फादर झाला. रविवारची दुपार, लेक झोपलेली. सैतानाला नाकारायला मला काहीच अडचण आली नाही, उलट हसू येत होतं. "सर्वसमर्थ पित्यावर" आलं आणि जीभ अडली. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. प्रॅक्टिकलला पोरं प्रयोग न करता वहीत आकडे भरतात, शेजारच्याचे बघून, आणि आकडे बरोबरही असतात. मी वही परत फेकते. रीडिंग घेतलेलं नसताना लिहायचं नाही, एवढंच माझं म्हणणं असतं. आता मी काय करणार होते?

तुमची जीभ अडली नाही, तर पुढे वाचायची गरज नाही, तारीख घ्या. हे टोमण्याने म्हणत नाही. स्टाफरूममधली माझी एक मैत्रीण श्रद्धाळू, नवरा पक्का नास्तिक. त्यांनीही असंच वाचून पाहिलं. तिला प्रत्येक ओळ मनापासून म्हणता आली. चर्चच्या कायद्याला दोघांपैकी एकाचीच संमती लागते. विधीत ती बोलली, तो बाळाला धरून गप्प उभा राहिला. मला तो बाप्तिस्मा आवडला.

फादरशी खरं बोला

चर्चच्या कायद्यातलं ८६८ वं कलम मी या निमित्ताने पहिल्यांदा वाचलं. मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी, आणि ती अजिबातच नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलावा, असं ते म्हणतं. ढकलावा, नाकारावा नव्हे. आमच्या फादरनीही तोच शब्द वापरला. मी भीत भीत गेले होते. वाटलं लग्नावरून बोलतील, कारण माझं लग्न चर्चच्या लेखी लग्नच नाही. ते म्हणाले, आईबापाच्या लग्नाचा भार पोरावर टाकत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०१४ मध्ये सिस्टीन चॅपेलमध्ये नोंदणी विवाह केलेल्या जोडप्याच्या बाळाला बाप्तिस्मा दिला होता. म्हणजे अडचण लग्नाची नव्हतीच, माझ्या अडलेल्या जिभेची होती.

तुमचं लग्न मात्र परवानगी घेऊन चर्चमध्ये झालं असेल, तर तेव्हा कशावर सही केली ते आठवा. कॅथलिक जोडीदाराकडून वचन घेतात की मुलांना कॅथलिक करण्यासाठी मी शक्य ते सारं करेन. दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना दिलेली असते. पुष्कळांना हे भांडणाच्या दिवशीच कळतं.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात कामाचं वाटतं. सात वर्षं पूर्ण झाली की चर्च मुलाला स्वतःची समज असलेलं धरतं. मग नुसत्या आईबापाच्या "हो"वर भागत नाही, मुलालाही विचारतात, आधी शिकवतात. उलट, एकदा झालेला बाप्तिस्मा पुसता येत नाही. रजिस्टरमधली नोंद राहते आणि चर्चच्या मते आत्म्यावरची खूणही. थांबलेलं पुढे करता येतं, केलेलं मागे घेता येत नाही. आम्ही थांबलो ते या हिशेबाने.

कागदपत्रं

जन्मनोंदणी पालिकेची, २१ दिवसांत. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद करा, नंतर घालता येतं. बाप्तिस्म्याच्या नावावर काही अवलंबून नाही, पण दोन ठिकाणी दोन स्पेलिंगं करू नका, पुढे पोराचा जीव जातो.

फॉर्मवर धर्माच्या रकान्यात आम्ही "नाही" लिहितो. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करता येत नाही आणि "माझा कोणताही धर्म नाही" असं म्हणता येतं. गंमत म्हणजे ते अर्जदार येशूला मानणारे होते, फक्त ख्रिस्ती धर्म मानत नव्हते. शासकीय मुद्रणालयाने तशी नोंद राजपत्रात छापायला नकार दिला म्हणून ते कोर्टात गेले.

शाळा. एका कॉन्व्हेंटच्या खिडकीवर माझं आडनाव बघून बाईंनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. नाही म्हटल्यावर अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात गेला. आम्ही दुसरी शाळा बघितली. नुसत्या ॲडमिशनसाठी बाप्तिस्मा करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, मुंबईत शाळा मिळवताना माणूस काय काय करतो. पण निदान फादरपुढे श्रद्धेचं नाटक नको.

आता जातीच्या दाखल्याबद्दल. हे कुणी सांगत नाही, म्हणून सावकाश वाचा. वडील अनुसूचित जातीचे असतील, हिंदू, शीख किंवा बौद्ध, तर "फोटोपुरता करून टाकू" हा विचार फार महाग पडू शकतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे या तीन धर्मांपलीकडचा माणूस अनुसूचित जातीचा धरला जात नाही (शीख त्यात १९५६ साली आले, बौद्ध १९९० साली). नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पुदुच्चेरीच्या एका बाईंचं प्रकरण आलं. वडील जन्माने हिंदू, आई ख्रिस्ती, आणि बाईंचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. मी हिंदू आहे असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने इतर गोष्टींबरोबर चर्चची ती नोंदही पाहिली आणि दाखला नाकारला. माझ्या नवऱ्याच्या वडिलांनी त्या एका दाखल्यावर शिक्षण घेतलं. लेकीला तो पुढे लागेल की नाही, घ्यावा की नाही, हे तिचं ती ठरवेल. पण केक कापायच्या हौसेपायी आम्ही तो तिच्या हातून काढून घेणार नव्हतो. तुमच्या घरात असा प्रश्न असेल तर तारीख घेण्याआधी वकिलाला विचारा.

वारसाहक्काची धास्ती मात्र फुकटची आहे. आमच्यासारख्या, म्हणजे दोघांपैकी एकच जण हिंदू-बौद्ध-जैन-शीख असलेल्या विशेष विवाहाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, मुलाचा बाप्तिस्मा असो वा नसो.

धर्मपिता म्हणून नवऱ्याच्या नास्तिक मित्राला उभं करायची कल्पना डोक्यात असेल तर सोडा. सोळा वर्षं पूर्ण झालेला, दृढीकरण (कन्फर्मेशनचा विधी) झालेला, श्रद्धेने जगणारा कॅथलिक लागतो.

आजी

कायदे पाठ झाले तरी आजी उरते. मम्मीला वाद नको होता, तिला भीती होती. लहानपणी तिला शिकवलेलं की पाणी न घातलेलं बाळ गेलं तर स्वर्गात जात नाही, लिंबो नावाच्या मधल्याच ठिकाणी अडकतं. व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ साली यावर मोठा अभ्यास करून म्हटलंय की अशा बाळांना देव तारतो अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. मी तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझी लहान बहीण आठव्या दिवशी गेली. तेव्हा का नाही सांगितलं त्यांनी?" मी वाचायला गेले होते वकिलासारखी, परत आले गप्प होऊन. तुम्ही आजीशी बोलायला जाल तेव्हा कागद शेवटी काढा. तिचं कोण गेलंय, ते आधी विचारा.

सासूबाईंचं वेगळं होतं. त्यांना घरी त्रिशरण-पंचशील घेऊन नाव ठेवायचं होतं. "त्यात देव कुठाय?" हा त्यांचा बिनतोड सवाल. आम्ही त्यांनाही नाही म्हटलं, "आई, मग मम्मीला काय तोंड दाखवू?" एका घरचा विधी श्रद्धा म्हणून नाकारायचा आणि दुसऱ्या घरचा संस्कृती म्हणून करायचा, ही लबाडी मी या मुंबईत फार बघितलीय. बाप्तिस्मा नको म्हणणारी जोडपी बारसं आणि जावळ मात्र थाटात करतात.

पण काहीच न करणंही बरं नाही, माणसांना जमायला निमित्त लागतं. आम्ही गावठाणातल्या घराच्या अंगणात जेवण घातलं. आमच्या ईस्ट इंडियन पद्धतीचे तळलेले फुगे, इंदियाल हे झणझणीत कालवण, बाटली मसाल्यातलं मटण, आणि सासूबाईंच्या हातच्या पुरणपोळ्या. लेकीचं नाव आजोबांनी मोठ्याने सांगितलं, बस्स. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधकांनी १८७३ पासून भटजीशिवाय कार्यं केली, आपल्याला फादरशिवाय एक जेवण जमायला हरकत नाही. फक्त पांढरा झगा आणि मेणबत्ती आणून बाप्तिस्म्याची नक्कल करू नका. मानणाऱ्यांना ते लागतं.

शेवटची सूचना: आजीला एक प्रश्न वेळीच विचारून ठेवा. चर्चच्या कायद्याप्रमाणे बाळ मरणाच्या दारात असेल तर कुणीही पाणी घालू शकतं, नर्स, शेजारीण, स्वतःचा बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा. धोका नसताना आजीने मोरीत गुपचूप घातलं तर ते चुकीचं, पण डोक्यावरून पाणी वाहिलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने ते शब्द उच्चारले आणि मनात तसा हेतू असला, तर झाला तो झाला. शंका असेल तर फादर पुढे "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर" असं म्हणून सशर्त देतात.

आम्ही विचारलं नव्हतं. यंदा नाताळच्या गोठ्यात लेक मम्मीबरोबर रमली आणि रविवारी मिस्सेला जाऊ लागली. मी फादरना भेटले. ते म्हणाले, आता तिलाच विचारू, घाई नाही. मग सहज म्हणाले, "घरी कुणी कधी पाणी घातलेलं नाही ना?"

संध्याकाळी मी मरोळला गेले. मम्मी बोंबील तळत होती. विचारलं.

"तुम्ही दोघं बँकेत गेला होतात त्या दिवशी," ती म्हणाली. "पोरीला आंघोळ घातली मी."

"आंघोळच ना?"

"पाणी घातलं गं. आंघोळीला दुसरं काय घालतात?" आणि तिने तव्यावरचा बोंबील उलटला.