उश्मालजवळच्या सांता एलेनात मुक्काम करताय? या चुका टाळा

मेक्सिकोच्या युकातान राज्यात गेलेले बरेच जण मेरिदा शहरातून निघून उश्माल, म्हणजे प्राचीन माया शहराचे अवशेष, एका दिवसात उरकतात. त्यापेक्षा सांता एलेना गावात दोन रात्री राहणं कधीही शहाणपणाचं. उश्माल तिथून १६ किलोमीटरवर आहे, काबाहचे माया अवशेष आठेक किलोमीटरवर. सकाळी आठला फाटक उघडताना दारात हजर राहता येतं आणि मेरिदाच्या टुरिस्ट बसगाड्या येईपर्यंत जादूगाराचा पिरॅमिड जवळजवळ तुमचा एकट्याचा असतो. पण हे गाव पर्यटकांच्या वेळापत्रकावर चालत नाही. टेकाडावरचं भलंमोठं चर्च, समोर चौक, टॉर्टियाचं (मक्याच्या पोळ्यांचं) दुकान आणि मोजक्या खानावळी, बस्स. खालच्या बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यामुळे होतात.

निघण्याआधीच्या चुका

अमेरिकेचा वैध मल्टिपल एंट्री व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. गोंधळ होतो तो एच-१बी वाल्यांचा. स्टँपिंगची मुदत संपलेली असते, हातात फक्त आय-७९७ म्हणजे मंजुरीची नोटीस असते आणि ‘तेवढं चालेल’ असं गृहीत धरलेलं असतं. चालत नाही. पासपोर्टवरचा शिक्का वैध हवा, नाहीतर मेक्सिकोचा व्हिसा काढा.

दुसरी चूक घड्याळाची. विमानतळाचं कानकुन शहर ज्या राज्यात आहे ते किंताना रू वर्षभर युकातानच्या एक तास पुढे असतं. जाताना एक तास फुकट मिळतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. परतताना मात्र तोच तास वसूल होतो. सांता एलेनाहून दुपारी १२ ला निघून पाच तासांत कानकुन गाठलंत, तरी तिथल्या घड्याळात सहा वाजलेले असतात. विमानाची वेळ कानकुनची असते, हे धरूनच उलटा हिशोब करा.

‘ट्रेन माया’ ही रेल्वे उश्मालला जाते ही समजूतही चुकीची. मेरिदा–काम्पेचे मार्ग पश्चिमेकडून, माश्कानूवरून जातो. सांता एलेनाला बस किंवा गाडीनेच यावं लागतं.

गाडी भाड्याने घेताना इंटरनेटवरचा स्वस्त दर पाहून हुरळू नका. मेक्सिकोत थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. अमेरिकेतली तुमची पॉलिसी तिथे ग्राह्य धरत नाहीत आणि क्रेडिट कार्डाचं संरक्षण असलंच तर सहसा फक्त भाड्याच्या गाडीच्या नुकसानीपुरतं असतं. त्यामुळे काउंटरवर रक्कम फुगते. बुकिंग करतानाच विम्यासकट दर विचारा.

रस्ता, पेट्रोल, रोकड

टाकी मुना किंवा तिकुल या गावांत भरून घ्या. काबाह, सायिल, श्लापाक, लाब्ना या अवशेषांच्या पट्ट्यात पंप नाही. पंपावर माणूस पेट्रोल भरतो, तेव्हा मीटर शून्यावर आहे ना, ते आधी बघा. प्रत्येक गावाच्या तोंडाशी ‘तोपे’ म्हणजे गतिरोधक असतात. काहींना ना रंग ना पाटी. अंधारात ते दिसत नाहीत, आणि रात्री गाडी न चालवण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

बसने येणार असाल तर मेरिदाहून मुना–उश्मालमार्गे जाणारी सेकंड क्लास बस घ्या. परतीची बस मात्र हात दाखवल्याशिवाय थांबेलच असं नाही. शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशीच गावात विचारून ठेवा.

पैसे मेरिदालाच काढा, राहिले तर तिकुलला. एटीएम ‘रूपांतरासह’, म्हणजे तुमच्या कार्डाच्या चलनात हिशोब करायचा, हा पर्याय पुढे करतं, तो नाकारा, नाहीतर भाव वाईट लागतो. २० आणि ५० पेसोच्या नोटा जवळ हव्यात, ५०० ची नोट खानावळीत मोडत नाही. उश्मालला तिकिटाचे दोन भाग असतात, एक केंद्रीय पुरातत्त्व संस्थेचा आणि एक राज्य सरकारचा. एकच पावती घेऊन फाटकावर गेलात तर परत रांगेत. रविवारी मेक्सिकोतल्या रहिवाशांना केंद्रीय भाग माफ असतो, म्हणून गर्दी वाढते. तो दिवस लहान अवशेषांसाठी ठेवा.

शाकाहारी मंडळींसाठी

इथे सर्वात जास्त फसगत होते. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच सांगितलंत तर ताटात कोंबडी येते, कारण तिथे ‘कार्ने’मध्ये कोंबडी धरत नाहीत. काळ्या घेवड्याची उसळ बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेली असते आणि भातही अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पावो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो.’ मांस, कोंबडी, टर्की, चरबी, कोंबडीचं पाणी, सगळं त्यात आलं.

मागवायचं काय? भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, भाजका टोमॅटो आणि कोथिंबीर वाटून केलेलं ‘सिकिल पाक’ टॉर्टियाबरोबर घ्या. आपल्या कारळ्याच्या चटणीची ती चुलत बहीण आहे. अंडं चालत असेल तर ‘पापाद्सुलेस’, म्हणजे उकडलेलं अंडं भरलेल्या टॉर्टिया, उत्तम. हबानेरो या जहाल मिरचीच्या वाटीपुढे ‘आम्ही कोल्हापूरचे’ हा आवेश नको. आधी चमच्याच्या टोकावर घेऊन बघा. मुख्य जेवण दुपारचं असतं. रात्री नऊला जेवण शोधत निघालात तर बंद दारं दिसतील. नळाचं पाणी पिऊ नका.

अवशेषांवर

इथल्या पूक टेकड्यांत सेनोते, म्हणजे युकातानमधले नैसर्गिक पाण्याचे डोह, शोधू नका. चुनखडीत पाणी फार खोल आहे. म्हणूनच जुन्या माया लोकांनी ‘चुल्तुन’ म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या भूमिगत टाक्या खोदल्या, आणि काबाहच्या कोत्स पोप इमारतीची दर्शनी भिंत पर्जन्यदेव चाकच्या अडीचशेवर मुखवट्यांनी भरून काढली. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: सायिल-लाब्नाच्या दिवशी माणशी तीन लिटर पाणी गाडीत हवं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा अकरापर्यंत चालणं संपवा.

काबाहला रस्त्याच्या एकाच बाजूचे अवशेष बघून लोक निघतात. दगडी कमान रस्त्यापलीकडे आहे. तिथूनच उश्मालकडे जाणारा १८ किलोमीटरचा प्राचीन मार्ग सुरू होतो. ती चुकवू नका.

गवतात गोचिड्या आणि त्याहून बारीक, खाज आणणारे किडे असतात. फुल पँट मोज्यात खोचा, घोट्यांना डीट हे कीटकरोधक असलेलं मलम लावा आणि आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, कमरेपाशी नीट तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर काडी किंवा तेल न लावता चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. पावसात आडोसा शोधताना काळ्या डिंकाचे ओघळ असलेल्या ‘चेचेम’ झाडाखाली थांबू नका, त्याच्या चिकाने त्वचा भाजल्यासारखी होते.

आणि गाइडला ‘माया लोक कुठे नाहीसे झाले?’ हा प्रश्न विचारू नका. बहुधा तो स्वतःच माया असतो, घरी युकातेक माया बोलतो. दुकानात किंवा अंगणात शिरताना आधी ‘बुएनोस दियास’, मग काम, आणि फोटो विचारूनच. वयस्क बाईला ‘दोन्या’, पुरुषाला ‘दोन’ म्हणा. निघताना ‘दिओस बोओतिक’, म्हणजे आभार. एवढं माया भाषेत बोललात की शेवटच्या बसची नेमकी वेळसुद्धा जास्त आपुलकीने सांगितली जाते.