तिशी-चाळिशीत दातांना तार लावताय? आधी हिरड्या मोजून घ्या

'आता या वयात कशाला तारा?' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. दात विशीत सरकतात तसे पन्नाशीतही सरकतात. फरक दोन गोष्टींत असतो. मोठ्या माणसाचा जबडा वाढायचा थांबलेला असतो, आणि दाताखालचं हाड इतक्या वर्षांत झिजलेलं असू शकतं. त्यामुळे नागपुरात धरमपेठ ते मानेवाडा चार दवाखान्यांत फोन करून 'तार लावायचे किती घेता?' एवढंच विचारणं हा डॉक्टर निवडायचा सगळ्यांत वाईट मार्ग आहे. दर शेवटी विचारायचा.

पायरी १ : पदवी आणि माणूस

पाटीवर नुसतं 'एमडीएस' (दातांच्या डॉक्टरची पदव्युत्तर पदवी) असणं पुरेसं नाही. एमडीएस हिरड्यांच्या विषयात होते, रूट कॅनलच्या होते, लहान मुलांच्या दातांच्याही होते. तुम्हाला ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या विषयात, एमडीएस केलेला डॉक्टर हवा. सरळ विचारा, त्यात संकोच नको.

पुष्कळ दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट ठरावीक वारीच येतात. त्यात वावगं काही नाही. पण शेवटपर्यंत तेच डॉक्टर बघणार का, आणि मधल्या दिवशी तार गालात टोचली तर कोण बघणार, हे आधी विचारून घ्या. उपचार साधारण दीड ते दोन वर्षं चालतो, दर चार ते सहा आठवड्यांनी जावं लागतं. घरापासून किंवा ऑफिसपासून लांबचा दवाखाना चौथ्या-पाचव्या खेपेनंतर जड जातो आणि तारखा चुकायला लागतात.

खर्च परवडत नसेल तर मेडिकलजवळचं (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाजवळचं) शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रोडवर खासगी दंत महाविद्यालयंही आहेत. तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, काम मात्र तपासून होतं. फक्त विद्यार्थी कोणत्या वर्षाला आहे ते विचारा. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे सुरुवात केली तर मध्येच तुमची केस दुसऱ्याच्या हाती जाते.

घरी साचा पाठवून पारदर्शक अलायनर (दात सरकवणारे प्लास्टिकचे साचे) मागवणं नको. आणि दोन दातांमधली फट बुजवायला घरचं रबर लावणं तर कधीच नको. ते रबर सरकत हिरडीखाली शिरतं, मुळाच्या टोकाकडे जातं आणि चांगला दात हाडातून सुटतो.

पायरी २ : हिरड्या

इथे लोक घाई करतात, आणि इथेच केस बिघडते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारेने हळूहळू दाब दिला की पुढच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं हाड तयार होतं आणि दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. हिरडी निरोगी असेल तरच हे गणित जुळतं. हिरडीखाली जंतू साठलेले असताना दाब दिला तर हाड विरघळत राहतं, पण भरून येत नाही. दात सरळ होतात आणि हलायलाही लागतात.

म्हणून पहिल्या भेटीत एकच गोष्ट बारकाईने पाहा. डॉक्टर हिरड्या मोजतात का? त्यासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट टोकाची सळई असते. ती दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवून, एकेका दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. आकडे मोठ्याने सांगितले जातात, कुणीतरी लिहून घेतं. एक ते तीन आणि रक्त नाही, तर ठीक. चार किंवा जास्त असेल आणि रक्त येत असेल, तर तिथे हिरडी दातापासून सुटून खिसा झालेला आहे आणि आधी त्याचा इलाज हवा. ऑर्थोडॉन्टिस्टनी हे माप स्वतः घ्यावं किंवा हिरड्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावं, दोन्ही चालेल. पण मोठ्या माणसाच्या हिरड्या न मोजता 'पुढच्या आठवड्यात तारा लावू' म्हणणारा दवाखाना सोडा. कितीही नावाजलेला असो.

'आधी सफाई करून घेतो, मग लगेच तारा' हे उत्तर खिसे असतील तर पुरेसं नाही. वरवरच्या सफाईने दात चकचकीत होतात, खिसा तसाच राहतो. खोल खिसे असतील तर जागा बधिर करून मुळं साफ करावी लागतात आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा माप घ्यावं लागतं. माप सुधारलं, रक्त थांबलं, की मगच तारा. हे दोन महिने वाया गेले असं वाटू देऊ नका. तारा लागल्यावर साफसफाई दुप्पट अवघड होते, मग हा रोग आवरत नाही. उपचार चालू असतानाही दर तीन-चार महिन्यांनी हिरड्या दाखवत राहा.

सिगारेट ओढणाऱ्यांनी 'माझ्या हिरड्यांतून तर रक्त येत नाही' यावर विसंबू नये. धुरामुळे रक्त कमी येतं आणि रोग लपतो. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खात असाल तर आज सोडा. सुपारीने ब्रॅकेट (दातावर चिकटवलेले, तार धरणारे तुकडे) निघतात, पण ती छोटी गोष्ट. मोठी गोष्ट ही की सुपारीने तोंड आखडतं. आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तारांचा विषय बाजूला ठेवून आधी ते दाखवा, कारण त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) ताजा रिपोर्ट सोबत न्या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध चालू असेल तर तेही आवर्जून सांगा, त्या औषधांनी दात सरकणं आणि दात काढल्यावरची जखम भरणं या दोन्हींवर परिणाम होतो.

आणखी एक प्रश्न आधीच विचारा, म्हणजे नंतर भांडण होत नाही. 'दात सरळ झाल्यावर हिरडीजवळ काळे त्रिकोण दिसतील का?' एकमेकांवर चढलेल्या दातांमागे झिजलेलं हाड झाकलेलं असतं. दात ओळीत आले की ती फट उघडी पडते. दातांच्या बाजू किंचित घासून ती कमी करता येते, पण नेहमी पूर्ण जात नाही.

पायरी ३ : योजना लेखी घ्या

ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एक्स-रे), सेफ (चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे), फोटो, दातांचे साचे किंवा स्कॅन. एवढं हातात आल्याशिवाय कुणी खर्चाचा पक्का आकडा सांगत असेल तर तो अंदाज समजा.

'दात न काढता करून देतो' ही जाहिरात झाली. दातांची गर्दी असेल तर जागा कुठून तरी आणावीच लागते. दात काढून, दात घासून, किंवा छोटे स्क्रू लावून मागचे दात मागे ढकलून. ओठ आधीच पुढे असताना दात न काढता ओळ सरळ केली तर तोंड आणखी पुढे येतं. तुमच्या बाबतीत कोणता मार्ग आणि का, हे एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) हाडाला चिकटलेला असतो, तो सरकत नाही. बसवायचा बाकी असेल तर शक्यतो दात जागेवर आल्यावर बसवा. ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेले जोडदात) असेल तर कापावा लागू शकतो. रूट कॅनल केलेला दात सरकतो, काळजी नको. सिरॅमिक कॅपवर ब्रॅकेट नीट चिकटत नाही, तेव्हा नवी कॅप शेवटी करा.

खर्चाच्या कागदावर एक्स-रे, दात काढणं, स्क्रू, तुटलेले ब्रॅकेट आणि रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा) हे वेगवेगळं लिहून घ्या. रिटेनर बहुतेक वेळा राहून जातो.

पायरी ४ : लावायच्या आधी

कीड भरून घ्या. मऊ ब्रश, फटीतला बारीक ब्रश आणि टोचणाऱ्या तारेवर लावायचं मेण घरात ठेवा.

पायरी ५ : पहिले आठवडे

दुखणं काही तासांनी सुरू होतं, दोन-तीन दिवस राहतं. पॅरासिटामॉल पुरतं. वरण-भात, खिचडी, पोळी कालवून. तर्री-पोहे चालतात, वरचा कडक चिवडा काढून. भुट्टा दाणे सोलून खा, दातांनी ओरबाडू नका. सावजी जेवायला जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. सिरॅमिक ब्रॅकेट पांढरेच राहतात, पण त्यांभोवतीची पारदर्शक रबरं हळदीने एका जेवणात पिवळी होतात आणि घासून निघत नाहीत. राखाडी रबरं मागून घ्या.

पायरी ६ : रिटेनर

तारा काढल्यावर पहिले महिने डॉक्टर सांगतील तितका वेळ, मग रोज रात्री, कायम. तो गरम पाण्याने धुऊ नका. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत डबी विसरलात तर प्लास्टिकचा रिटेनर वाकतो. वाकलेला बळेच दातांवर चढवू नका, त्याच आठवड्यात नवा करून घ्या.